कुपीतले ऋतू

मोगऱ्याने जीव सैलावतो, केवड्याने मान ताठ होते आणि हिना लावला की गोधडीत शिरल्यासारखं वाटतं. अत्तराचा एक थेंब, पण मनाचा अख्खा ऋतू बदलून टाकतो!

आपल्या मराठीत वासासाठी किती शब्द आहेत, कधी मोजलेत? फोडणीचा वास खमंग, भांड्याला दूध लागलं की करपट, जुनं खोबरं खवट, पावसाळ्यातले कपडे कुबट, उरलेलं पीठ आंबूस. फुलांचा दरवळ असतो, लग्नघरात घमघमाट असतो आणि एसटीत शेजारच्या बाईंनी अर्धी बाटली अंगावर ओतून घेतलेली असेल तर त्याला दर्प म्हणतात. हे शब्द नक्की बायकांनीच घडवले असणार, असं मला आपलं वाटतं. भात लागतोय हे आपल्याला टीव्हीसमोर बसूनही कळतं, ते नाकामुळेच की!

पण अत्तराच्या दुकानात गेलं की हे सगळे शब्द कुठे पळतात कोण जाणे. दुकानदार काचेची कांडी मनगटाच्या मागे टेकवतो आणि विचारतो, "कसा वाटला?" आपण म्हणतो, "छान आहे." दुसरा? "तोही छान आहे." खरं तर मनात एवढं काही चाललेलं असतं! एका वासाने आजोळची पडवी डोळ्यांपुढे येते, दुसऱ्याने कुणाचं तरी लग्न. सांगता मात्र येत नाही.

याचं कारण आपल्या डोक्यातच आहे म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातं. वासाची वाट मात्र जवळची. नाकातून निघालेला संदेश थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांजवळ पोचतो. म्हणून आधी डोळ्यांत पाणी येतं आणि मग कळतं, की अरे, हा तर आजीच्या ट्रंकेचा वास! नाक वास ओळखतं कसं, हे उलगडून दाखवल्याबद्दल 2004 साली दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. त्यातल्या एक बाई आहेत, लिंडा बक. मला या गोष्टीचा उगाचच अभिमान वाटतो.

तर आज अत्तरांविषयी. ही यादी माझ्या नाकाची आहे. तुमचं नाक वेगळं काही सांगत असेल, तर तेही तितकंच खरं.

वाळा आणि मोगरा

उन्हाळ्याची सुरुवात माझ्यासाठी वाळ्याने होते. माठात वाळ्याची जुडी पडली की पाण्याला जो मातकट, हिरवा, गार वास येतो ना, तोच वाळ्याच्या अत्तरात असतो. हे एका गवताचं मूळ. फुलाचा वास वाऱ्यावर उडून जातो, मुळाचा वास बसून राहतो. दुपारी दोन वाजता जिवाची काहिली होत असताना मनगटावर थेंबभर वाळा लावावा आणि ओल्या पडद्यामागे बसल्याचं सुख घ्यावं. अस्सल वाळ्याच्या अर्काला हिरवट रंग असतो, तो तांब्याच्या भांड्यात काढल्यामुळे. वाळ्याने मन शांत होतं, पण सुस्त होत नाही. दुपारी हिशेबाची वही घेऊन बसायचं असेल तर हाच बरा.

मोगरा मात्र संध्याकाळचा. पाण्याचा सडा घातलेलं अंगण, न्हालेले केस आणि गजरा. मोगऱ्याने माणूस सैल होतो, बोलका होतो. जुन्या मैत्रिणी भेटणार असतील तेव्हा मी मोगराच लावते. त्याचा एक दोष आहे. जरा जास्त झाला की डोकं चढतं. गजऱ्याला जी जागा असते ती वेणीवर, नाकापासून हातभर लांब. अत्तरालाही तेवढंच अंतर द्यावं.

बाटलीतला मृग

उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी कनौज नावाचं गाव आहे. हर्षवर्धनाची राजधानी म्हणून आपण शाळेत वाचलेलं तेच. तिथे आजही जुन्या रीतीने अत्तरं निघतात. तांब्याचा मोठा हंडा, त्याला म्हणतात डेग. त्यात फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपून टाकायचं. खाली लाकूड किंवा गोवऱ्यांचा जाळ. हंड्यातून बांबूची नळी निघते ती पाण्याच्या हौदात बुडवलेल्या लांब मानेच्या भांड्यात, म्हणजे भपक्यात. भपक्यात चंदनाचं तेल असतं. वाफ गार होते आणि तिचा सुगंध चंदन धरून ठेवतं. जाळ किती, भपका गार किती, हे कारागीर हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून आणि वासावरून ओळखतात. आपण हात लावून तव्याचा अंदाज घेतो, तसंच की!

या कनौजमध्ये चक्क मातीचं अत्तर निघतं. भाजलेल्या मातीचे तुकडे डेगेत घालून त्यांचा वास चंदनात उतरवतात. कुपी उघडली की मृगाची पहिली सर! 1964 साली इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. त्यांच्या लेखात भारतातल्या या अत्तराचाही उल्लेख होता. त्यांनी नाव शोधायच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या लोकांनी तो वास बाटलीत भरलेला होता.

कोरड्या दिवसांत झाडांतून निघणारी तेलं माती-दगडात शोषली जातात आणि पाऊस पडला की बाहेर येतात. त्यातच मातीतल्या सूक्ष्म जिवांनी बनवलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्य मिसळतं. बीट चिरताना जो मातकट वास येतो, तोही याच जिओस्मिनचा. ते हवेत अगदी नावापुरतं असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं.

मातीच्या अत्तराने सगळ्यांना कविताच सुचते असं नाही हं. माझी एक मैत्रीण मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली. तिला मी हौसेने हे अत्तर हुंगायला दिलं, तर ती क्षणभर गप्प झाली. म्हणाली, "बाई, हा वास आला की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो, बियाण्याचे पैसे झाले का? आणि दुसरा, पुन्हा पडेल का?" शहरातल्या बाईला ज्या वासाने गॅलरीत उभं राहावंसं वाटतं, त्याच वासाने तिच्या पोटात गोळा येतो. कुपीतला वास तोच. तो कुणाच्या घरात शिरतो त्यावर सगळं अवलंबून.

केवडा: मान ताठ

केवड्याला मी मास्तरीण बाईंचा वास म्हणते. गोड आहे, पण लाडीगोडी नाही. धार आहे त्याला. केवड्याची पानंही तशीच, कडेने काटेरी. हरतालिकेच्या पूजेत केवडा हवाच, ही गंमत बघा. एरवी शंकराला तो वाहत नाहीत, कारण ब्रह्मदेवाच्या बाजूने त्याने खोटी साक्ष दिली, अशी कथा आहे. पण हरतालिकेची पूजा पार्वतीची, तिथे केवड्याला मान. देवाने टाकलेल्याला बायकांनी आपल्या पूजेत ठेवून घेतलं, असा मी त्याचा अर्थ लावते.

आपल्याकडे कोकणात केवडा दिसतो, पण देशातलं बहुतेक केवडा-अत्तर आणि केवड्याचं पाणी येतं ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून. आणि सुगंध असतो तो नर-फुलाला. मिठाईत, बिर्याणीत घालतात ते हेच केवड्याचं पाणी. ग्रामपंचायतीच्या सभेत बोलायचं आहे, मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांना जाब विचारायचा आहे, बँकेत कर्जाचं काम आहे, अशा दिवशी मी केवडा लावते. काम होतंच असं नाही. पण आवाज कापत नाही.

हिना: थंडीची गोधडी

अत्तरवाले अत्तरांना 'थंड' आणि 'गरम' अशी नावं ठेवतात. गुलाब, वाळा, मोगरा, केवडा थंड, म्हणून उन्हाळ्याचे. हिना गरम, म्हणून थंडीचा. मेंदीच्या फुलांचं अत्तर वेगळं. थंडीत जो हिना किंवा शमामा म्हणून मिळतो, त्यात कितीतरी मसाले आणि मुळं असतात. लवंग, वेलची, जायफळ, नागरमोथा, जटामांसी, केशर आणि चक्क आपलं दगडफूल! गोड्या मसाल्यात आपण जे काळपट, पापुद्र्यासारखं दगडफूल भाजून घालतो, तेच. शिवाय नागरमोथा आणि जटामांसी दिवाळीच्या उटण्यातही असतात. म्हणूनच की काय, पहिल्यांदा हिना हुंगणाऱ्या मराठी बाईला तो परका वाटत नाही. मसाल्याचा डबा, उटण्याची वाटी आणि आजीचं लुगडं, तिन्ही एकत्र येतात त्यात.

हिना लावला की मला घरातच बसावंसं वाटतं. पहाटेची थंडी, कढत पाणी, पणतीचा उजेड. हा वास तरुण मुलींना सहसा आवडत नाही. "म्हाताऱ्यांचा वास आहे," म्हणतात. चाळिशीनंतर बघा, हळूहळू आवडायला लागतो.

गुलाब: एका आईचा शोध

गुलाबाचं अत्तर म्हटलं की नूरजहाँचं नाव घेतात. पण बादशहा जहांगीराने आपल्या आठवणींत याचं श्रेय दिलंय तिच्या आईला, अस्मत बेगमला. गुलाबपाणी काढताना गरम पाणी ताटात ओतलं की वर तेलाचा तवंग यायचा. तो तिने थोडा थोडा गोळा केला आणि त्याचा सुगंध पाहून सगळे थक्क झाले. बादशहाने खूश होऊन तिला मोत्यांचा सर दिला आणि अत्तराला नाव पडलं 'इत्र-ए-जहांगिरी'. शोध सासूबाईंचा, नाव जावयाचं! दुधावरची साय काढावी तसा तवंग काढणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येते. ती तवंग फेकून देणाऱ्यांतली नव्हती.

गुलाबाचं शुद्ध तेल महाग का, तर एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो फुलं लागतात. आपल्या वाट्याला येतं ते गुलाबदाणीतलं पाणी. लग्नाच्या दारात उभं राहून शिंपडलेलं, चष्म्यावर उडालेलं. गुलाबाचा मूड म्हणजे लगबग. आत कुणीतरी मंगलाष्टकं सुरू व्हायची वाट पाहतंय आणि आपली अजून पिन सापडत नाहीये.

तापातली पट्टी

परदेशी सुगंधांपैकी मध्यमवर्गीय मराठी घरात सगळ्यात आधी शिरलं ते कोलनवॉटर. कोलोन हे जर्मनीतल्या शहराचं नाव. तिथे 1709 साली फरीना घराण्याची पेढी सुरू झाली आणि लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांचा तो हलका सुगंध जगभर गेला. तिथे बाप्ये तो दाढी झाल्यावर लावत. आपल्याकडे त्याचं काम वेगळंच. ताप चढला की वाटीत पाणी, पाण्यात कोलन आणि कपाळावर पट्टी!

त्यामुळे भारी परफ्युमच्या दुकानात लिंबाळ वासाची कुठलीही बाटली उघडली की मला पलंग, थर्मामीटर आणि आईचा गार हात आठवतो. विकणाऱ्या मुलीने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मॅडम, हे खूप फ्रेश आहे." मला मात्र मऊ भात आणि मेतकूट खावंसं वाटायला लागलं.

वास हरवतो तेव्हा

एवढं सगळं नाकावर अवलंबून आहे हे आपल्याला कळलं ते 2020 आणि 2021 मध्ये. कोविडने कितीतरी जणांचा वास गेला. आमच्या शेजारच्या वहिनी बऱ्या झाल्या, पण पुढे चार महिने त्यांना कशाचाच वास येत नव्हता. दूध उतू जाऊन जळलं तरी कळेना. गॅस गळला तर काय, या भीतीने त्या सारखं बटण तपासायच्या. "जेवण म्हणजे नुसतं चावणं झालंय," म्हणायच्या. एके दिवशी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "नातू मांडीवर असतो, पण त्याचा वासच येत नाही गं."

कान-नाक-घसा तज्ज्ञ अशा वेळी वासाचा सराव करायला सांगतात. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, असे चार वास. दिवसातून दोनदा, एकेक वास काही सेकंद हुंगायचा आणि तो कसा असायचा ते मनात आठवायचं. असं निदान तीन महिने. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो. वहिनींना सगळ्यात आधी परत आली ती लवंग. त्या दिवशी त्यांनी आळीत पेढे वाटले!

घेताना, लावताना

अत्तर घ्यायला जाल तेव्हा एका वेळी तीनपेक्षा जास्त वास हुंगू नका. नाक थकतं. मनगटावर लावून बाजारातली बाकीची कामं उरका आणि अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. पहिला भपका ओसरल्यावर जो वास उरतो, तो खरा.

चंदनतेल महाग झाल्यापासून बऱ्याच अत्तरांत लिक्विड पॅराफिनसारख्या स्वस्त द्रव्यांचा पाया असतो. त्यामुळे पन्नास रुपयांच्या कुपीवर 'शुद्ध चंदन' लिहिलेलं असलं तरी भुलू नका. आवडला वास तर जरूर घ्या, पण पन्नास रुपयांचा म्हणूनच घ्या.

कानामागे, मनगटावर, कोपराच्या खोबणीत लावावं. तिथली त्वचा उबदार असते, वास हळूहळू सुटतो. त्वचा नाजूक असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. रेशमी साडीवर थेट लावू नका, तेलकट डाग पडतो. कापसाचा फाया करून पदराआड खोचावा. कुपी उन्हात, खिडकीत ठेवू नये. आणि एक महत्त्वाचं. आपल्या अंगावरच्या वासाला आपलं नाक थोड्या वेळात सरावतं. आपल्याला येईनासा झाला म्हणून पुन्हा लावत सुटू नका. दुसऱ्यांना येतच असतो.

अत्तरदाणी कुणाकडे वळते?

आता जरा अवघड गोष्ट. आपण सगळ्याजणी हळदीकुंकू करतो. गुलाबपाणी शिंपडतो, उजव्या हाताच्या मागे अत्तर लावतो. हे अत्तर सगळ्यांच्या हाताला लागतं का?

माझे वडील 1998 साली गेले. आई तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. तिला मोगऱ्याची भारी हौस. कपाटात साड्यांच्या घडीत तिची कुपी असायची, त्यामुळे तिची प्रत्येक साडी मोगऱ्याची. त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या आळीत हळदीकुंकू होतं. तिला बोलावलं नव्हतं असं नाही, शेजारधर्म होता. पण अत्तरदाणी घेतलेली मुलगी जवळ येताना दिसली आणि आई आपणहून उठली. "चहाचं बघते," म्हणाली. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. कुणी बसही म्हटलं नाही. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक हळदीकुंकवात ती चहाचं बघत राहिली. कपाटातली कुपी आटून गेली. तेल आटतं, पण तळाशी एक पिवळा चिकट थर राहतो, तो तेवढा राहिला.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. फार मोठी गोष्ट झाली ती. पण ठरावाने बांगडी वाचते, हात आपणहून मागे घेण्याची सवय थोडीच जाते? ती घालवायची तर घरातूनच सुरुवात व्हायला हवी.

2023 च्या संक्रांतीला मी बोलावणं केलं ते 'तिळगूळ आणि अत्तर' असं. हळदीकुंकू हा शब्दच घातला नाही. आळीतल्या सगळ्या आल्या. सवाष्णी, विधवा, एक घटस्फोटित शिक्षिका, एक लग्नच न केलेल्या नर्सबाई. एकदोघींनी कुजबुज केली, नाही असं नाही. एक काकू तिळगूळ घेऊन लगेच निघून गेल्या. बाकीच्या बसल्या.

आई सवयीने उठली आणि स्वयंपाकघरात गेली. माझी लेक अत्तरदाणी घेऊन तिच्या मागोमाग गॅसपाशी जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते. आईने चहात आलं किसून टाकलं, गॅस बारीक केला, पदराला हात पुसला. अत्तरदाणीकडे पाहिलं, वाकून हुंगलं आणि कपाळाला आठी घातली.

"वाळा? ऐन थंडीत वाळा कुणी आणला गं? हिना नाही का मिळाला बाजारात?"

मग तिने हात पुढे केला.